गव्हाबरोबर वाळत घातलेलं झाड

बाबा आमच्याकडे राहायला आले तेव्हा त्यांच्याबरोबर एक बॅग, एक काठी आणि एक रबराचं झाड आलं. बॅग त्यांनी दाराआड ठेवली आणि कपडे कपाटात लावायला नकार दिला. काठी आपल्याला लागत नाही असं सांगून ती कोपऱ्यात उभी केली. झाडाबद्दल मात्र स्पष्ट सूचना आली. "ऊन नको, काळोखही नको. डभोईला ओसरीत होतं तसं ठेव."

बडोद्यात हरणीच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर मी ओसरी कुठून आणणार होते?

हे झाड त्यांना निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं. बाबा नॅरोगेज रेल्वेवर गार्ड होते. सहकाऱ्यांनी शाल आणि नारळाबरोबर वीतभर उंचीचं हे रोप दिलं. शाल कुणाला तरी देऊन टाकली, नारळ त्याच दिवशी खाल्ला, रोप तेवढं उरलं. वीस वर्षांत ते माझ्या उंचीचं झालं. सिमेंटची कुंडी, तिच्या कडेला एक टवका उडालेला. ओसरीत ते कधी ओळीनं नवी पानं काढायचं, कधी महिनोन् महिने नुसतं उभं राहायचं. त्याची कुणी काळजी केली नव्हती. करावी लागली नव्हती.

बाबांचीही करावी लागली नव्हती. आई गेल्यावर सहा वर्षं ते डभोईला एकटे राहिले. आमटी-भात करायचे, पेपर वाचायचे, संध्याकाळी स्टेशनाच्या बाजूला फेरी. दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी ते न्हाणीत घसरून पडले. सकाळी सातला पडले आणि संध्याकाळी पाचला सापडले, तेही शेजारची बाई फराळाचा डबा परत द्यायला आली म्हणून. फोन पलंगावर वाजत होता. त्यातले चार फोन माझे होते. मला वाटलं, झोपले असतील.

हाड मोडलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, नशीब. त्यानंतर महिनाभर मी कारखान्यातून सुटले की बसनं डभोईला जायची आणि रात्री परत यायची. मकरपुऱ्याकडच्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी नोकरी करते. दिवसभर नटबोल्ट, ग्रीसचे डबे आणि हातमोजे द्यायचे, मग बस, मग बाबांचा स्वयंपाक, मग पुन्हा बस. महिन्याच्या शेवटी मी त्यांना सरळ सांगितलं, "बाबा, मला आता होत नाही. तुम्ही तिकडे चला."

"लेकीच्या घरी?"

"मला भाऊ नाही. दुसरं घर कुठून आणू?"

त्यावर बोलणी झाली. दोन मालकांनी जमिनीची हद्द ठरवावी तशी झाली. शेवटी ते म्हणाले, "अक्षय्य तृतीयेपर्यंत येतो. मानवलं तर बघू. नाही मानवलं तर मला अडवायचं नाही." मी हो म्हटलं. डिसेंबर चालू होता, अक्षय्य तृतीया लांब होती. लांबच्या गोष्टीला हो म्हणायला मला कधीच जड जात नाही.

फ्लॅट आमचा असा: हॉलला पश्चिमेची बाल्कनी. जेवणाच्या टेबलाशी पूर्वेची खिडकी, पण तिच्यापुढे फ्रिज, कारण त्याचा प्लग तिथेच. बाबांना दिलेली खोली उत्तरेची, मुलगा नोकरीसाठी बाहेर गेल्यापासून रिकामी. झाड मी हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवलं. तिथं जागा होती आणि माझ्या दृष्टीनं कुंडीला जागा लागते, एवढाच प्रश्न होता.

पंधरा दिवसांत खालची पानं पिवळी पडायला लागली. रबराचं पान गळतं तेव्हा ते प्राजक्तासारखं अलगद पडत नाही, फट्कन पडतं. सकाळी आवाज यायचा. मग बाबा काठीशिवाय, भिंतीला धरत जायचे, पान उचलायचे आणि माझ्या चहाच्या कपाशेजारी आणून ठेवायचे. कोर्टात पुरावा मांडावा तसं पान टेबलावर.

"पाणी जास्त झालं असेल," मी म्हणायची.

"ओसरीत मी तांब्याभरच घालत होतो."

"मग हवा बदलली म्हणून."

"तेच म्हणतोय मी. हवा मानवत नाही."

आम्ही कोणाबद्दल बोलतोय हे दोघांनाही कळत होतं. दिवाळीनंतर न्हाणीच्या फरशीवर दहा तास पडलेला माणूस मला सांगत होता की त्याला इथली हवा मानवत नाही, आणि साक्षीला झाड आणत होता. म्हणून मला ते झाड जगवायचं होतं. झाडाची मला आवड नाही. माझ्या घरात तुळससुद्धा शेजारणीनं आणून दिलेली आहे. पण ते मेलं असतं तर वैशाखात बाबा बॅग उचलून परत त्या घरात गेले असते, आणि पुढच्या वेळी फराळाचा डबा परत द्यायला कुणी आलंच असतं असं नाही.

मी उपाय करत गेले. ट्यूबलाइट दिवसभर चालू ठेवली. आमच्या ह्यांनी विचारलं, "झाड अभ्यासाला बसलंय का?" हे रिफायनरीत शिफ्ट ड्यूटी करतात. घरात असतात तेव्हा झोपलेले असतात किंवा असं काहीतरी बोलतात.

मग फेब्रुवारीत झाड बाल्कनीत हलवलं. महिनाभर बरं चाललं. मार्च लागला आणि पश्चिमेचं ऊन दुपारी दोनपासून आत घुसायला लागलं. मी हिरवी जाळी लावली, सगळी सोसायटी लावते तशी. तोवर एसी सुरू झाला. एसीचं बाहेरचं यंत्र त्याच बाल्कनीत, आणि त्याची गरम हवा नेमकी झाडाच्या तोंडावर. पानांच्या कडा कुरकुरीत झाल्या. झाड परत टीव्हीशेजारी. तिथं ते उजेडाच्या दिशेनं असं वाकलं की येणाऱ्याजाणाऱ्याला वाटे, त्याला बाल्कनीतून खाली काहीतरी बघायचंय.

चहाशेजारी पानं येत राहिली. काही दिवस दोन-दोन.

चैत्रात आमच्याकडे वर्षाचा गहू भरतात. ही इथल्या गुजराती घरांची पद्धत, पण बडोद्यातल्या मराठी घरांनी ती कधीचीच उचललेली आहे. गहू घ्यायचा, निवडायचा, अगाशीवर जुन्या चादरींवर पसरून उन्हात तापवायचा, मग दिवेल, म्हणजे एरंडेल, हातावर घेऊन दाण्यादाण्याला चोळायचं आणि पिंपात भरायचं. वर्षभर किडा लागत नाही. गच्चीला आम्ही अगाशीच म्हणतो. एप्रिलमध्ये सोसायटीची सगळी अगाशी गव्हानं, मिरच्यांनी आणि गाद्यांनी भरलेली असते. ज्याला म्हणून काही खोड असेल त्याला आम्ही ऊन दाखवतो. लोणच्याला, पांघरुणाला, ओलसर डाळीला. उन्हानं बिघडलं असं मी आयुष्यात काही पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी गहू दोन खेपांत केला. पहिली खेप शनिवारी तापवली. रविवारी सकाळी बाबा आणि मी हॉलमध्ये चादर अंथरून तिला दिवेल लावत बसलो. बाबांचे हात छान चालत होते. चार महिन्यांत पहिल्यांदा ते माझ्या घरात एखादं काम करत होते आणि मधूनमधून बोलतही होते. आई दिवेल जास्त लावायची, मग पोळ्यांना वास यायचा, वगैरे. मी दुसरी खेप पसरायला वर गेले. परत आले तर बाबा हात धुऊन खाली निघाले होते. रविवारी ते न्हाव्याकडे जातात, कटिंग असो नसो. तिथला गुजराती पेपर मोठ्यानं वाचायचा आणि न्हाव्याला राजकारण समजावायचं, दोन तास.

मी हॉलमध्ये उभी राहिले. कोपऱ्यात झाड. त्या दिवशी त्याची पानं चमकत होती. मला वाटलं, बाबांनी ओल्या फडक्यानं पुसली असतील. आणि मनात आलं, वर चांगलं ऊन आहे, गहू तापतोय, यालाही दोन तास दाखवू. इतके दिवस काळोखात आहे, म्हणून तर पानं गाळतंय. बाबांना विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. झाड हलवायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. ते यायच्या आत परत आणून ठेवू.

मी गॅसच्या सिलिंडरखालची चाकांची ट्रॉली काढली, ह्यांना उठवलं, आणि आम्ही दोघांनी कुंडी तिच्यावर चढवली. लिफ्टनं पाचव्या मजल्यापर्यंत, पुढच्या बारा पायऱ्या उचलून. हे वाटेत म्हणाले, "सासऱ्यांना उचलणं सोपं पडलं असतं." दहा वाजले होते. झाड गव्हाच्या चादरींच्या मधोमध ठेवलं आणि खाली आले.

खाली स्वयंपाक होता. मग मुलाचा फोन आला, मग गॅस संपला, मग ट्रॉली वर राहिली म्हणून नवा सिलिंडर ओढत आणला. एक वाजता बाबा आले. दारातच थांबले.

"झाड?"

"वर आहे. ऊन दाखवायला नेलंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते जेवायला बसले. मला वाटलं, चिडले. आता मला माहीत आहे की ते चिडले नव्हते, घाबरले होते. पण त्यांनी तेव्हा तोंड उघडलं असतं तर निदान तीन तास वाचले असते. जेवणानंतर मी पाठ टेकली. चार वाजता जाग आली.

झाड वरून आणलं तेव्हा काही झालेलं दिसत नव्हतं. पानं हाताला तव्यासारखी लागत होती, इतकंच. मंगळवारी त्यांच्यावर पांढुरके डाग आले. गुरुवारी डाग तपकिरी झाले, भाजलेल्या पापडासारखे, फोड आल्यासारखे. शनिवारपासून पानं पडायला लागली. बाबांनी ती माझ्या कपाशेजारी ठेवणं बंद केलं. एवढी पानं टेबलावर मावलीही नसती. ते ती गोळा करून वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवत.

मी रात्री जेवताना सांगून टाकलं. "बाबा, दहा ते चार ते उन्हात होतं. मी दोन तास म्हणून नेलं आणि विसरले. चूक माझी."

"हं," बाबा म्हणाले.

त्या "हं"नं मी आठवडाभर अस्वस्थ होते. कामावर दोनदा चुकीचा माल दिला. अक्षय्य तृतीयेला बारा दिवस राहिले होते आणि बाबांची बॅग दाराआडून पलंगाशेजारी आली होती.

शेवटी मी समोरच्या फ्लॅटमधल्या बेनना बोलावलं. तुळस देणाऱ्या त्याच. त्यांच्या बाल्कनीत पाय ठेवायला जागा नाही, सगळ्या कुंड्या. त्यांनी झाडाभोवती एक फेरी मारली, जसे डॉक्टर खाटेभोवती मारतात.

"अरे बेन, आने सीधो तडको ना अपाय," त्या म्हणाल्या. मग माझ्यासाठी हिंदी, गुजराती आणि त्यांना येतं तितकं मराठी मिसळून सांगितलं. घरात राहिलेल्या झाडाला एकदम उन्हात ठेवायचं नसतं. आज पाव तास, चार दिवसांनी अर्धा तास, अशी सवय लावायची. सकाळचं कोवळं ऊन दीड-दोन तास, बाकी दिवस नुसता उजेड. काळोखात मरतं ते हळूहळू मरतं, उन्हात मरतं ते एका दिवसात. बोलता बोलता त्यांनी उरलेल्या चार पानांपैकी एकावरून बोट फिरवलं. बोटाकडे पाहिलं. नाकाशी नेलं.

"आ पर तो दिवेल छे."

मी बाबांकडे पाहिलं. बाबा खिडकीबाहेर बघत होते.

"बाबा?"

"गव्हाचं उरलं होतं वाटीत," ते म्हणाले. "टाकून कुठे द्यायचं. म्हटलं, पानांना जरा तकाकी येईल."

"आणि मी वर नेलं म्हणाले तेव्हा बोलला का नाहीत?"

"तू विचारून नेलं होतंस का?"

हे आतल्या खोलीतून बाहेर आले होते, रात्रपाळी करून झोपलेले, केस उभे. त्यांनी एकदा झाडाकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे. "म्हणजे बापलेकींनी मिळून तळलं त्याला," म्हणाले, आणि पाणी पिऊन परत झोपायला गेले.

बेनना हसू आवरेना. बाबांना राग आला, मग तोंड वळवून तेही हसले असावेत, कारण खांदे हलत होते. मी हसले नाही. मी थकले होते. मला एकाच वेळी दोन गोष्टी कळल्या. एक, बाबांचा पुरावा आता पुरावा राहिला नाही, कारण त्यात त्यांचाही हात होता. दुसरी, पुरावा गेला तरी झाड मेलेलंच होतं आणि बॅग पलंगाशेजारीच होती.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी बॅगेची चेन लावली. आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला. मी आमरसासाठी आंबे पिळत होते. खरं लिहायचं तर त्या आवाजानं मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. सकाळचा एक चहा कमी, गोळ्यांची एक डबी कमी, रात्री न्हाणीतला दिवा लागला की कान टवकारणं कमी. मग लगेच डभोईचा बस स्टँड आठवला, आणि पलंगावर वाजत राहिलेला फोन. हात तसेच घेऊन मी हॉलमध्ये गेले.

झाडाची नुसती काठी उरली होती. मी नखानं तिची साल खरवडली. आत हिरवं होतं आणि नखाला पांढरा चीक लागला.

"बाबा, इकडे या."

ते आले. मी दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि स्वतः दुसऱ्या ठिकाणी खरवडून पाहिलं. माझ्या शब्दावर त्यांनी कधीच विश्वास ठेवलेला नाही, गाडीच्या वेळेबद्दलसुद्धा नाही.

"जिवंत आहे," ते म्हणाले.

"हे असं जिवंत झाड बसमधून न्यायचं नाही. आणि इथं टाकून गेलात तर माझ्याकडून होणार नाही, हे तुम्हाला दिसलंच आहे. याला कोंब येईपर्यंत थांबा. मग जा."

त्यांनी विचार केला. "कोंब येईपर्यंत," म्हणाले. "पुढचं पुढे."

"पुढचं पुढे."

दुसऱ्या दिवशी आमरस झाल्यावर मी फ्रिज हलवला. इतके महिने मी झाड फिरवत होते, फ्रिज नाही. वायरमनला बोलावून दुसऱ्या भिंतीवर प्लग घेतला. पूर्वेची खिडकी पंधरा वर्षांनी पूर्ण उघडली. तिच्या काचेला उन्हासाठी लावलेली काळी फिल्म मी ब्लेडनं खरवडली, आणि पातळ पांढरा पडदा लावला. बेननी झाडाचा करपलेला शेंडा हातभर कापला. चीक ठिबकत राहिला, बाबा खाली पेपर धरून उभे राहिले.

त्यानंतर झाडाचं काम बाबांनी माझ्याकडून काढून घेतलं. मी दिलं म्हणण्यात अर्थ नाही. त्यांना गार्डाची वही हवी होती, मी स्टोअरमधून जुनी नोंदवही आणून दिली. खडूची पेटी हवी होती, तीही आणली. सकाळी ते खिडकीशी खुर्ची टाकून बसत. समोरच्या बिल्डिंगच्या टाकीमागून ऊन सात दहाला सुटायचं, आणि जमिनीवर जिथं पहिल्यांदा उतरायचं तिथं ते खडूनं रेघ मारत. सातचाळीसला ते ऊन कुठं, सव्वाआठला कुठं, प्रत्येक ठिकाणी रेघ आणि वेळ. गाडीच्या डब्यांवर खडूनं लिहितात तसं तिरपं, ठसठशीत. झाड ट्रॉलीवर. पहिल्या आठवड्यात पाव तास उन्हाच्या कडेला, मग रेघेच्या आत, मग पुढच्या रेघेवर. ऊन खिडकीकडे सरकेल तसं झाड सरकायचं. वेळ झाली की पडदा ओढायचा. वहीत लिहायचं: सात दहा आगमन, आठ पाच प्रस्थान. दर शनिवारी कुंडीला पाव फेरा, तोही वहीत.

सिलिंडरखाली आता ट्रॉली नव्हती. मी सिलिंडर ओढत होते. कंबर धरली की मनात शिव्या देत होते.

आणि फरशी. मी सकाळी सहाला फरशी पुसते, कारण नंतर वेळ नसतो. रोज रेघा पुसल्या जायच्या. रोज बाबा त्या परत मारायचे.

"तेवढी जागा सोडून पुस."

"तेवढी जागा म्हणजे अर्धं जेवणघर आहे, बाबा."

"मग पुसू नकोस."

"मग तुम्ही धुळीत बसा."

असं महिनाभर. आषाढात ढग आले आणि वहीत सलग पानं भरली: ऊन नाही. ऊन नाही. एकदा त्यांनी लिहिलं होतं: ऊन नाही, गाडी रद्द. मी ती वही रोज रात्री वाचायची. मला झाडाशी देणंघेणं नव्हतं. मला कोंब कधी येतो ते बघायचं होतं, आणि तो येऊ नये असंही वाटत होतं. कोंब आला की करार संपत होता.

एका सकाळी फरशी पुसताना मला कुंडीचा टवका दिसला नाही. टवका नेहमी हॉलकडे असायचा, किंवा शनिवारच्या पाव फेऱ्यानं थोडा बाजूला. त्या दिवशी बुधवार होता आणि टवका पार खिडकीच्या बाजूला गेला होता. वहीत फेऱ्याची नोंद नव्हती. मी गुडघे टेकून, फडकं हातात घेऊन, कुंडीच्या पलीकडे डोकावले. खोडावर, वीतभर उंचीवर, लाल टोकाचा कोंब होता. पेन्सिलीच्या अणकुचीसारखा. एका रात्रीत आलेला नव्हता, चांगला बोटाच्या पेराएवढा होता. बाबांनी तो पाहिला होता, लिहिला नव्हता, आणि कुंडी फिरवून माझ्यापासून झाकला होता.

मी उठले. पाणी बदललं. त्या दिवसापासून कुंडीच्या पलीकडे मी पुसत नाही असं दाखवायला लागले.

दहा-बारा दिवस असे गेले. बाबा वहीत लिहायचे: सात वीस आगमन, ढग. मी विचारायची, "काही दिसतंय का?" ते म्हणायचे, "अजून नाही." मी म्हणायची, "वेळ लागतो." मग आम्ही चहा प्यायचो.

एका रविवारी ह्यांची सुट्टी होती. ते खिडकीशी पेपर घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "अरे, दोन पानं आली की याला. तुम्ही दोघं बोलला नाहीत."

मी पोळी लाटत होते, लाटतच राहिले. बाबांनी कपातला चहा संपवला, कप बशीत ठेवला.

"दोन पानं म्हणजे काही नाही," ते म्हणाले.

"कोंब म्हणाला होतात तुम्ही," मी म्हटलं. म्हणायला नको होतं, पण मला एकदा काय ते संपवायचं होतं. रोज वही वाचून मी कंटाळले होते. "कोंब येईपर्यंत."

बाबांनी खिडकीकडे पाहिलं. ढग होते, तरी जमिनीवर फिकट उजेड पडला होता, आणि मी सकाळी पुसलेल्या रेघांची धुरकट खूण त्यात दिसत होती.

"दिवाळीत ऊन डावीकडे सरकेल," ते म्हणाले. "टाकीच्या दुसऱ्या बाजूनं येईल. तेव्हा या वेळा चालणार नाहीत. सगळ्या खुणा परत कराव्या लागतील, आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा या." मग माझ्याकडे न बघता विचारलं, "घरात ऑइलपेंट आहे का कुठला? खडू टिकत नाही."

"ग्रिलचा आहे. पिवळा."

"पिवळा चालेल."

"फरशीवरून निघत नाही तो, बाबा."

"माहीत आहे मला."

पेंटचा डबा माळ्यावर होता. पोळी तव्यावरून उतरवली, गॅस बंद केला, आणि स्टूल ओढून मीच चढले. बाबा उठायला लागले होते, त्यांना म्हटलं, तुम्ही बसा.